घराचे छप्पर : डागडुजी की नवे?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कोकणात कौले परतण्याची लगबग सुरू होते. त्याच वेळी पुष्कळ गृहस्थांना एक प्रश्न पडतो : गळके छप्पर डागडुजी करून चालवावे, की उतरवून नवे घालावे? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचे उत्तर आधी पैशाच्या थैलीत न शोधता छपराच्या परीक्षणात शोधावे.

छपराची दोन अंगे असतात. एक वरचे आच्छादन, म्हणजे कौले. आणि दुसरे त्यास धरून ठेवणारा आढे, वासे व रिपा यांचा सांगाडा. कौल फुटणे हा त्वचेचा विकार होय. वासे कुजणे हा अस्थींचा. पहिल्यास मलमपट्टी पुरते, दुसऱ्यास पुरत नाही.

प्रथम घरापासून दूर उभे राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्येच खचलेली असेल, तर लाकूड किंवा भिंत यांपैकी कशाने तरी दगा दिला आहे असे समजावे. नंतर माळ्यावर चढून वाशांत दाभणाचे टोक टोचावे. विशेषतः वासे भिंतीवर टेकतात तेथे, कारण ओल व वाळवी यांचा शिरकाव बहुधा तेथूनच होतो. निरोगी लाकडात टोक शिरत नाही. कुजलेल्यात ते सहज रुतते. गळती शोधताना हेही ध्यानात ठेवावे की, पाणी वाशावरून ओघळत येते. म्हणून फुटके कौल पुष्कळदा डागाच्या नेमके वर नसून आढ्याच्या बाजूस सापडते.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कारखाना काढला, आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र रूढ झाली. त्यांचा मोठा गुण हा की, एकेक कौल निराळे बदलता येते. चौरस मीटरास ती सुमारे १५ लागतात. म्हणजे ६० चौरस मीटरांच्या छपरास ९००. त्यांपैकी ४०-५० फुटली म्हणून सारे छप्पर उतरविणे हा अपव्यय होय. दोनचार वासे किडले असतील, तर तेवढेच बदलावेत. परंतु बहुतेक वासे पोखरलेले असता दरसाल नवी कौले चढविणे हा त्याहून मोठा अपव्यय होय.

डागडुजी नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही. मराठवाड्यात गळती थांबविण्यासाठी माळवदांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढविले जात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, आणि ते सारे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. हजारो लोक प्राणांस मुकले. सबब, जुना थर काढल्यावाचून नवा चढवू नये, आणि नवे छप्पर घालतानाही भिंतीस पेलेल तेवढेच वजन ठेवावे.

लोखंडी पत्रा वजनास हलका खरा. परंतु तो उन्हाने तापतो, आणि नीट आवळला नसेल तर वादळात उडतो. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे काढणे झाल्यास ते कोरडे फोडू अगर कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोगासारखे रोग होतात. ते भिजवून, अखंड उतरवावेत, व हे काम जाणत्याकडूनच करवावे.

सारांश, सांगाडा शाबूत तर डागडुजी. सांगाडा खचला तर नवे छप्पर. आणि हा निर्णय मृगाची पहिली सर येण्यापूर्वी घ्यावा. कारण उघड्या घरावर पाऊस दया करीत नाही.