पेटी ते डोळा, अंतर किती?

बापू, परवा फोनवर तू म्हणालास, "अक्का, डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार लेन्सांचं दरपत्रक हातात दिलंय. सगळ्यांत चांगली कोणती तेवढं सांग." मी पस्तीस वर्षं पोस्टाच्या बचत खात्याच्या खिडकीवर बसले. तिथेही लोक हेच विचारायचे, सगळ्यांत चांगली योजना कुठली? मी उलट विचारायची, पैसे कधी लागणार आहेत? लेन्सचंही तसंच. तुला नजर कुठल्या अंतरावर लागणार आहे, ते आधी ठरव. दरपत्रक नंतर.

माझंच ऐक. माझा उजवा डोळा आधी झाला. ऑपरेशन उत्तम झालं, चुकलं ते आधीचं बोलणं. मला सहावीपासून उणे पाचचा नंबर. म्हणजे चष्मा काढला की वीतभर अंतरावरचं लख्ख दिसायचं. सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे, पोथीतली बारीक अक्षरं, सगळं चष्मा काढून, नाकापाशी धरून. साठ वर्षं ते इतकं अंगवळणी पडलेलं की ही आपली एक कमाई आहे हे कधी मनातच आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "लांबचं चष्म्याशिवाय दिसायला हवं ना?" कोण नाही म्हणेल? पट्टी निघाली, समोरच्या इमारतीवरची पाटी चष्म्याशिवाय वाचली आणि मी हरखून गेले. काही दिवसांनी ब्लाउजचं हूक लावायला बसले, सवयीने सुई नाकाशी नेली, तर सुईही नाही आणि दोराही नाही. नुसतं धुकं. त्या डोळ्याची जवळची नजर गेली होती. ती जाणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुझा नंबर उणे नाही, तुझं हे नुकसान व्हायचं नाही. पण भजनी मंडळातल्या जाड उणे चष्मेवाल्यांना हे जरूर सांग. साधी लेन्स एकाच अंतरावर लागते. ती लांबसाठी बसवता येते तशी जवळसाठीही बसवता येते, मग लांबचं बघायला चष्मा घालायचा. जन्मभर चष्मा घातलेल्या माणसाला त्यात काय मोठंसं?

डाव्या डोळ्याच्या वेळी मात्र मी तोंड उघडलं. डॉक्टर शहाणे होते, म्हणाले, हा डोळा थोडा जवळचा ठेवू, उणे सव्वा-दीडच्या आसपास. पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून घरात वावरून बघा. बघितलं, मला मानवलं. आता भाजीचा भाव, मोबाईलवरचं नाव चष्म्याशिवाय दिसतं. सुईला चाळिशी लागतेच. सगळ्यांना हे जमत नाही, काहींना दोन डोळ्यांतल्या फरकाने गरगरतं. म्हणून आधी करून बघायचं.

दोन ऑपरेशनांच्या मधले तीन आठवडे मात्र वाईट गेले. एका डोळ्याला नंबर नाही, दुसऱ्याला उणे पाच. चष्मेवाल्याकडून एक काच काढून घेतली तरी जिन्याच्या पायऱ्या वरखाली वाटायच्या. पण त्याच दिवसांत एक गंमत कळली. उजव्या डोळ्याने बघितलं तर तुझ्या मेव्हण्यांचे सदरे चक्क निळसर! डाव्याने बघितले तर पांढरे. मोतीबिंदू पिवळट काचेसारखा डोळ्यात बसलेला, म्हणून मला पांढरे कपडे कळकट दिसायचे आणि मी दोन वर्षं नीळ वाढवत होते. ते बिचारे काही बोलले नाहीत.

आता तुझं. रोज तासभर पेपर, आठवड्यातून तीनदा भजन, आणि रात्री अकराला स्कूटरवरून घरी. यातलं भजन महत्त्वाचं. पेटीवर ठेवलेली अभंगांची वही तुझ्या डोळ्यापासून किती लांब असते? टेप लावून मोज. दोन फुटांच्या आसपास भरेल. ते अंतर लांबचंही नाही आणि जवळचंही नाही. साधी लेन्स लांबसाठी बसवली तर रस्ता स्वच्छ दिसेल, पेपरला चाळिशी लागेल, आणि वहीसाठी त्या दोहोंच्या मधल्या नंबरचा वेगळा चष्मा करावा लागेल. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स लांबचं, मधलं, जवळचं असं दाखवतात. पण डोळ्यात येणारा उजेड त्या वाटून देतात, म्हणून अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि फिकं फिकं ओळखायला जड जातं. बहुतेकांना हळूहळू सवय होते, सगळ्यांना होत नाही. समोरून ट्रक येतोय आणि त्याच्या दिव्याभोवती रिंगण, हे तुला चालेल का? मधली एक जात आहे, ईडॉफ म्हणतात. लांबचं आणि दोन फुटांवरचं बऱ्यापैकी दाखवते, वलयंही सहसा कमी, फक्त बारीक छपाईला हलकी चाळिशी. तुझ्या जागी मी असते तर डॉक्टरांना हिच्याबद्दल आधी विचारलं असतं.

त्याच्याही आधी, तुझ्या चष्म्यात दीडचा सिलिंडर नंबर आहे. तो बुबुळाच्या वाकडेपणातून आला असेल, आणि ते मोजणीत कळतं, तर टॉरिक लेन्स लागेल. पैसे मोजकेच असतील तर माझ्या मते ते टॉरिकवर घालावेत. वाकडेपणा तसाच ठेवून वर महागाची मल्टिफोकल बसवणं म्हणजे गळक्या छताखाली रंग काढणं. आणि तुला साखर आहे. मागचा पडदा नीट तपासून घेतल्याशिवाय मल्टिफोकलचं नावही काढू नकोस. पडद्यावर डाग असेल तर ती लेन्स नकोच.

"परदेशी घेऊ की देशी?" हा तुझा दुसरा प्रश्न. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ऑरोलॅबने १९९२ साली स्वस्त लेन्स बनवायला घेतल्या आणि त्यानंतर त्या देशोदेशी गेल्या. साध्या लेन्समध्ये देशी आहे म्हणून नाक मुरडू नकोस. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं ना? आत लेन्सच नाही. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि तो काढला की घरातल्या घरात ठेचकाळायची. लंडनच्या हॅरॉल्ड रिडलींनी १९४९ सालीच डोळ्यात पहिली लेन्स बसवली होती. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे डोळा सोसतो, हे बघून त्यांना ते सुचलं. आपल्या आईपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

लेन्सचा नंबर डोळ्याची लांबी मोजून काढतात. त्या मोजणीत एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा अडीच-तीन नंबर चुकतो. तेव्हा मोजताना हलू नकोस, बोलू तर नकोसच, आणि शंका आली तर पुन्हा मोजायला सांग. लाजायचं नाही.

लाजेवरून आठवलं. तू प्रोस्टेटची टॅमसुलोसिन घेतोस, हे डॉक्टरांना सांगितलंस का? नसशील सांगितलं. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि भोवतीचा रंगीत पडदा लुळा पडून फडफडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीनिशी बसतात. गोळी सहा महिन्यांपूर्वी बंद केली असली तरी सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

"पिकू दे, हिवाळ्यात करू" हे म्हणणं जुन्या काळचं. पिकला की तो कडक होतो आणि काढायला त्रास पडतो. आणि आजकाल ऑपरेशनला ऋतू लागत नाही. पण मोतीबिंदू दिसला म्हणून लगेच काढायलाही धावायचं नसतं. चष्मा बदलूनही वही दिसेना, समोरचा दिवा डोळ्यात फुटू लागला, की वेळ झाली. तुझी झाली आहे.

विम्याचं कार्यालयात फोन करून विचार. बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. वरचे पैसे आपल्या खिशातून. ऑपरेशननंतर लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड देतात, ते पॉलिसीच्या फायलीतच ठेव. थेंब सांगितलेल्या आठवड्यांपर्यंत घाल, डोळा चोळू नकोस, डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुखू लागलं, लाल झाला किंवा आलेली नजर कमी झाली, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नकोस. तो परत येत नाही. लेन्समागच्या पिशवीवर जाळी येते, ती याग लेसरने काही मिनिटांत साफ करतात.

गुरुवारी तपासणीला जाताना अभंगांची वही, टेपने मोजलेलं अंतर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाल. स्कूटर घरी ठेव. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धड दिसत नाही. रिक्षाने जा.