आधी पत्रा, मग सीलिंग

बाळ, तू पाठवलेले पीव्हीसी पॅनेलचे फोटो पाहिले. पांढऱ्यावर सागाच्या रेषा असलेलं खरंच देखणं आहे. बैठकीच्या खोलीसाठी विचारलं असतंस तर लगेच हो म्हटलं असतं. पण तू विचारतेस ते खेळण्यांच्या कारखान्यासाठी. तिथे दिवसभर लेथ फिरणार, भुसा उडणार, कोपऱ्यात थिनरचा डबा असणार आणि बाहेर सावंतवाडीचा चार महिन्यांचा पाऊस. तिथे रंगाचं नंतर बघू. सीलिंगच्या वर काय आहे आणि खाली काय पेटू शकतं, हे आधी बघायचं. इतकी वर्षं लोकांच्या घरांची, दुकानांची आतली कामं करून घेते आहे, त्यातून माझं एवढं मत पक्कं झालंय.

तर वरून सुरुवात करू. शेडचा मागचा अर्धा भाग आबांनी घातलेल्या सिमेंटच्या पत्र्यांचा आहे. त्या काळचे सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, असंच धरून चाल. पत्रा धड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये अडकून राहतात, पण भोक पाडलं, करवत लावली, शेवाळ काढायला कोरडा ब्रश घासला की ते हवेत सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात जातात आणि त्याचा आजार कधी कधी वीस-तीस वर्षांनी वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे मात्र ते आयात होतं आणि त्याचे पत्रे अजूनही मिळतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण ते कापणाऱ्या पोराच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नसतो.

म्हणून सीलिंगचे हँगर अडकवायला मिस्त्री त्या पत्र्याला ड्रिल लावणार असेल तर तिथेच थांबव. हँगर नेहमी छताच्या लोखंडी कैचीला किंवा आडव्या पाइपांना, पत्र्याला कधीच नाही. माझं ऐकशील तर सीलिंग करण्याआधी ते पत्रे उतरवूनच घे. एकदा खाली सीलिंग बसलं की पत्रे बदलताना सगळा चुरा त्याच्यावर पडणार आणि पुढे दर वेळी पंखा फिरला की तुमच्या डोक्यावर येणार. उतरवताना पत्रे पाण्याने भिजवायचे, हुक कापून अख्खे खाली घ्यायचे. वरून टाकायचे नाहीत, फोडायचे नाहीत. कामकऱ्यांना साधं कापड नाही, ॲस्बेस्टॉसला एन-९५ सुद्धा पुरत नाही, पी-१०० फिल्टरचा मास्क हवा. आणि कुणी ‘तुकडे द्या, रस्त्यातला खड्डा भरतो’ म्हणालं तरी द्यायचे नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेव आणि धोकादायक कचरा अधिकृतपणे नेणाऱ्यांनाच दे.

पुढच्या भागावरचा लोखंडी पत्रा नवा आहे, त्याचं दुखणं वेगळं. दुपारी तो तापतो आणि खाली उष्णता फेकतो. हिवाळ्यात पहाटे गार पडतो, तेव्हा आतल्या बाजूला दव धरून थेंब गळतात. लोक त्याला गळती समजून वरून डांबर फासत बसतात. दोन्हीवर उपाय एकच, पत्रा आणि सीलिंग यांच्यात वाहती हवा. वळचणीच्या बाजूने ती आत यायला आणि वरून बाहेर पडायला वाट ठेव, पण तिथे बारीक जाळी मार, नाहीतर उंदीर आणि वटवाघळं बाडबिस्तरा घेऊन राहायला येतील. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग दिलास तर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडेल.

बाजारात चांदीसारखी चकाकणारी बबल शीट मिळते, ती पत्र्याला चिकटवून टाकतात. तसं केलं तर पैसे वाया. चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा असली तरच ती उष्णता परतवते, पत्र्याला टेकली की उष्णता सरळ तिच्यातून खाली येते. शिवाय ती मुळात प्लॅस्टिकची असते, पेटते. तुझ्याकडे ती नकोच. फॉइल लावलेलं ग्लासवूल किंवा रॉकवूल घे, दोन इंची. फॉइल वरच्या बाजूला, पत्र्यापासून मोकळं. पहाटेचा एखादा थेंब पडला तरी तो फॉइलवर पडेल, लोकरीत मुरणार नाही. ते पसरताना पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालायला सांग, त्याची कुसळं फार टोचतात.

आता त्या पॅनेलकडे येऊ. पीव्हीसीला वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतं, दुकानदार सांगतो ते सगळं खरं. ते भडाभडा पेटत नाही, हेही खरं. पण साधारण ८० अंशांना ते मऊ पडायला लागतं आणि आगीत सापडलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. तो डोळे आणि श्वासनळी जाळतो, माणसाला दार सापडत नाही. थर्माकोलच्या टाइल तर दारातसुद्धा आणू नकोस. थर्माकोल पेटतं, पेटून खाली टपकतं, आणि थिनरच्या नुसत्या शिंतोड्यानेही विरघळतं. त्याचा आणखी एक अवगुण फार जणांना ठाऊक नसतो. विजेच्या वायरचं प्लॅस्टिकचं आवरण थर्माकोलला टेकून राहिलं तर वर्षानुवर्षांत कडक होऊन तडकतं.

तुला वाटेल ताई घाबरवते आहे. २९ डिसेंबर २०१७ ची मुंबईतली कमला मिलची आग आठव. १४ जीव गेले. गच्चीवरच्या त्या रेस्टॉरंटांवर बांबू आणि प्लॅस्टिकसारखं झटकन पेटणारं आच्छादन होतं. आग छताला लागली की ती आडवी पळते, आणि खालच्या माणसांना कळेपर्यंत वर सगळीकडे पोचलेली असते. तुझ्याकडे चार बायका कामाला येणार, त्यांची लेकरं शाळा सुटल्यावर तिथेच बसणार. म्हणून मी एवढं लावून धरते आहे.

मग पीओपी किंवा जिप्सम? आगीच्या बाबतीत जिप्सम भला माणूस आहे. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणीच असतं, रसायनात बांधलेलं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ होते आणि तेवढा वेळ हातात मिळतो. कोल्हापुरात मी हेच लावते. पण कोकणातल्या दमट हवेत, उघड्या शटरच्या शेडमध्ये, साधा जिप्सम बोर्ड दोन-तीन पावसाळ्यांत पोट काढतो आणि त्याच्या कागदावर बुरशी धरते. ओल सोसणारा हिरवा बोर्ड मिळतो, पण तोही आतल्या दमट खोल्यांसाठी. वरून पाणी ठिबकलं तर तोही टिकायचा नाही.

माझी निवड सांगू? सिमेंट फायबर बोर्ड, सहा किंवा आठ मिलिमीटरचा. पाकिटावर ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ छापलेलं बघूनच घे, आता बहुतेक चांगले बोर्ड तसेच येतात. पेटत नाही, फुगत नाही, वाळवी तोंड लावत नाही. कॅल्शियम सिलिकेटच्या दोन बाय दोनच्या सुट्या टाइलही पेटत नाहीत, आणि कुठलीही उचलून वर बघता येते. ऑफिससाठी मी त्याच घेतल्या असत्या. पण तुझ्याकडे शटरमधून वाऱ्याचा झोत आला की हलक्या टाइल उचलल्या जातात आणि फटीतून भुसा वर जाऊन साठतो. लाकडाचा बारीक भुसा साठलेला चांगला नाही. एका ठिणगीने तो धुमसतो, आणि हवेत दाट उडाला असेल तर भडका होतो. म्हणून बोर्ड स्क्रूने पक्के, सांधे भरलेले, आणि दोन ठिकाणी झाकणाची दारं, माणूस डोकं आणि खांदे आत घालू शकेल एवढी. बोर्ड कापताना बाहेर अंगणात, पाणी मारत, मास्क लावून. त्याची धूळही सिलिकाची असते.

चॅनेल जीआयचे, दीड-दीड फुटांवर. मिस्त्री दोन फुटांवर सरकवायला बघेल, त्याला टेप लावून दाखव. पंख्याचे हुक आणि मोटर उचलायची साखळी सरळ कैचीला, सीलिंगला अजिबात नाही. वायरिंग पाइपातून, आणि सीलिंग बंद व्हायच्या आधी प्रत्येक पॉइंटचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. रंग साधा पांढरा, मॅट. चकचकीत रंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, आणि गंजिफ्याच्या नक्षीसारखं बारीक काम करताना ते डोळ्यांत खुपतं. थिनरची वाफ जमिनीलगत बसते, त्यामुळे रंगकामाच्या कोपऱ्यातला एक्झॉस्ट वर सीलिंगजवळ लावून भागणार नाही, तो खाली हवा. ठिणगी न उडणारा मागून घे.

आणि हो, तुझी ती फळ्यांच्या छताची हौस मला माहीत आहे. आजीच्या माजघरावर होतं तसं, आंब्याच्या फळ्यांचं. लेथवर ते नको, पण गिऱ्हाईक उभं राहतं त्या पुढच्या दहा फुटांत कर ना. मध्ये विटांची भिंत आणि दार आहेच. फळ्यांना चारही बाजूंनी वाळवीचं औषध लाव, कापलेल्या टोकांना दोन हात जास्त. तिथे पैसे खर्च झाले तरी मी काही बोलणार नाही.

घाई फक्त पत्र्याची कर. मृग लागायच्या आत जुने उतरवून नवे घालून घे, पण सीलिंगला गणपतीपर्यंत थांब. जोराचा पाऊस वरून जाऊ दे, कुठे झिरपतं ते उघड्या पत्र्यावर खडूने खुणा करून ठेव, वॉशर बदलून घे. तोवर मिस्त्रीला साहित्याचं ॲडव्हान्स देऊ नकोस. त्याने लिहून दिलेलं कोटेशन मला पाठव, त्यात बोर्डची जाडी आणि चॅनेलचं अंतर आहे का ते मी बघते.