शाखेच्या नावाआधी प्रयोगशाळा पाहा

सीईटीचा निकाल लागून प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक जाहीर झाले, की दरसाल तेच तीन प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात: ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव धारण करणारी शाखा कोणत्या महाविद्यालयात मिळेल, ती न मिळाल्यास मुलाच्या भवितव्याचे काय होईल, आणि ग्राफिक्स कार्ड असलेला लाखभर रुपयांचा लॅपटॉप प्रवेशापूर्वीच घेऊन ठेवावा काय. या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी असलेले भय बहुधा शेजारच्या घरातील प्रवेशाच्या वार्तेतून उपजलेले असते. म्हणून आरंभीच स्पष्ट सांगतो की, शाखेच्या नावासाठी किंवा त्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नये.

परिचित वाटांचा हिशेब थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, अणुविद्युत व दूरसंचरण या शाखांतून, किंवा विज्ञानाची पदवी घेऊन पुढे एमसीए वा एमएस्सी करूनही, या क्षेत्रात येता येते, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास तर सर्व शाखांना बहुतांशी सारखाच असतो. शाखेच्या नावाने पडणाऱ्या फरकाहून कितीतरी मोठा फरक महाविद्यालयातील प्रयोगशाळेच्या स्थितीने पडतो. तिच्याविषयी मात्र सहसा कोणी चौकशी करीत नाही.

उदाहरणादाखल कॉम्प्युटर व्हिजन हा विषय घेऊ. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राचा अर्थ यंत्राकडून लावून घेणाऱ्या या विद्येची प्रमुख लायब्ररी, ओपनसीव्ही, १९९९ साली इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने आकारास येऊ लागली आणि आज ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. पायथॉन आणि लिनक्स यांनाही पैसा पडत नाही. चित्रातील कडा शोधणे, वस्तू मोजणे, २००१ साली व्हायोला आणि जोन्स यांनी मांडलेल्या रीतीने चेहरा हुडकणे, ही नवशिक्याची सारी कामे आठ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावर ग्राफिक्स कार्डाशिवाय निर्वेध पार पडतात. ज्या अ‍ॅलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने २०१२ मध्ये या शास्त्राची दिशा पालटली, त्याचे प्रशिक्षणही प्रत्येकी तीन जीबी मेमरीच्या दोनच कार्डांवर झाले होते. विद्यार्थ्याला पुढे मोठे न्यूरल नेटवर्क शिकवावयाचे झाले, तर प्रयोगशाळेतील एखादे सामायिक यंत्र किंवा गूगल कोलॅब त्याची निकड बहुधा भागवू शकते.

खरी कसोटी लागते ती तीस संगणकांवर हे सारे एकसारखे उभे करताना, आणि नेमका तिथेच पुष्कळ ठिकाणचा कारभार ढासळतो. एका यंत्रावर एक आवृत्ती, दुसऱ्यावर दुसरी. कोठे ओपनसीव्हीचे मूळ पॅकेज आणि त्याचे ‘कॉन्ट्रिब’ रूप अशी दोन्ही एकाच जागी भरलेली, ज्यांच्या फाइली एकमेकींवर चढतात. जून २०२४ मध्ये नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीची २.० ही आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या आवृत्तीवर बांधलेली कित्येक पॅकेजे तिच्याबरोबर चालेनाशी झाली. ज्या प्रयोगशाळेत आवृत्त्यांची नोंदच नाही, तिथे अशा प्रसंगी काल चाललेले प्रात्यक्षिक आज का बंद पडले, याचा उलगडा कोणासही होत नाही.

याचा बंदोबस्त अवघड नाही, परंतु चिकाटी मागणारा आहे. प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे. प्रत्येक पॅकेजची आवृत्ती आकड्यानिशी एका फाइलीत लिहून ठेवावी. पॅकेजे एकदाच उतरवून घेऊन प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर साठवावीत, म्हणजे साऱ्या वर्गाला मंद इंटरनेटपाशी तिष्ठत बसावे लागणार नाही. विद्यार्थ्याच्या खात्यास कॅमेरा उघडण्याची परवानगी आहे की नाही ते पाहावे. आणि ग्राफिक्स कार्ड असेलच, तर त्याचा ड्रायव्हर, त्यावर गणिते चालविणारे कुडा आणि न्यूरल नेटवर्कची लायब्ररी पायटॉर्च यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात याची खातरजमा आधी करावी. अखेरीस आवृत्ती छापणारा, कॅमेरा उघडणारा आणि एक चित्र जतन करणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रावर चालवून पाहावा. ते चित्र मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीत दाखविताना चेहरा निळसर दिसला, तर ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, तांबडा या क्रमाने ठेवते आणि मॅटप्लॉटलिब नेमका उलटा क्रम गृहीत धरते, हे कारण ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले, तो या विद्येत खरोखर शिरला असे मी समजतो.

असे काम करणाऱ्या माणसाला आपल्या समाजात ‘लॅबवाला’ म्हणून खालच्या पायरीवर बसविले जाते, याचे मला अत्यंत वैषम्य वाटते. कारखान्यात सुट्या भागांतील दोष हेरणारा किंवा टोलनाक्यावर वाहनांचे क्रमांक वाचणारा कॅमेरा असो, तो अखेर अशाच कोणाच्या तरी हातांनी बसविला, जुळविला आणि चालता ठेवला जातो. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका, आणि पुढे इच्छा असल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, ही वाट या कामासाठी उत्तम आहे. कारण तिच्यात हात आणि बुद्धी यांना लवकर आणि एकत्र वळण लागते. मुलाने तिचे नाव काढताच ‘पदविका? लोक काय म्हणतील?’ असे विचारणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे की, त्या लोकांपैकी कोणीही तुमच्या मुलाची फी भरणार नाही आणि त्याच्या वतीने परीक्षेलाही बसणार नाही. मुलींच्या बाबतीत तर यंत्रांशी झटापट हे त्यांचे काम नव्हे, असे सांगून ही वाट परस्पर बंद केली जाते. हा सरळसरळ अन्याय आहे.

आता करावयाचे ते सांगतो. पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाच्या दिवशी जावे. किती संगणक चालू आहेत, ते कोण सांभाळतो, वर्गाबाहेरच्या वेळेत ते विद्यार्थ्यांना मिळतात काय, आणि गेल्या सत्रातील प्रात्यक्षिक आज चालवून दाखविता येईल काय, हे चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे टाळली गेली तर शाखेचे नाव कितीही भारदस्त असले तरी ते महाविद्यालय यादीत खाली सरकवावे. विद्यार्थ्याने सुटीत घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स, पायथॉन आणि ओपनसीव्ही स्वतः बसवून पाहावे. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे धडे मराठीतूनही मिळतात. अडलेल्या ठिकाणी पडद्यावरचा त्रुटीचा संदेश शांतपणे वाचून कारण शोधण्यात त्याला आनंद वाटला, तर या क्षेत्रात त्याने निःशंक यावे. त्याचा उबग आला, तर त्याने दुसरे क्षेत्र निवडावे आणि पालकांनी त्या निर्णयाला विरोध करू नये. पसंतीक्रमाचा अर्ज मात्र त्यालाच भरू द्यावा, कारण त्या प्रयोगशाळेत पुढची तीन-चार वर्षे त्यालाच काढावयाची आहेत.