दोनशे रुग्ण एकाच रात्री आले तर?

२० फेब्रुवारी २०२४ ची रात्र बीबी परिसर विसरलेला नाही. लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाल्ल्यावर दोनशेहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही. अनेकांना बाहेर रस्त्यावर झोपवून, झाडांना बांधलेल्या दोरीवर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या.

अशी वेळ कोणत्याही पंगतीवर येऊ शकते. १४ एप्रिलच्या आपल्या भोजनदानावरही. खाटा वाढल्याच पाहिजेत. पण दोनशे खाटा रिकाम्या ठेवणे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाला शक्य नाही. तेथे उपयोगी पडते आधी केलेली रंगीत तालीम, म्हणजेच मॉक ड्रिल.

तालमीत गावातील तरुण रुग्ण बनतात. प्रत्येकाच्या गळ्यात लक्षणांची चिठ्ठी असते. दारातच परिचारिका तपासून रंग ठरवते. बेशुद्ध, पाणीही पिऊ न शकणारा, नाडी हाताला न लागणारा तो लाल. त्याला ताबडतोब सलाईन. डोळे खोल गेलेला, तहानेने व्याकूळ तो पिवळा. त्याला ओआरएस पाजत नजरेखाली ठेवायचे. चालता-बोलता, पाणी पोटात ठरणारा तो हिरवा. त्याला ओआरएस देऊन बाजूला बसवायचे. थोड्या वेळाने सर्वांना पुन्हा तपासायचे, कारण हिरव्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. शेवटी सर्वजण बसून चुका शोधतात: सलाईन कोठे अडले? १०८ ला फोन कोणी केला? फाटक कोणी अडवले? यात कोणाला दोष द्यायचा नसतो.

आपल्यासाठी यातली मोठी गोष्ट अशी, की नियम नसला की ओळख चालते. पुढाऱ्याचा माणूस आधी आत जातो आणि वस्तीतली आजी फाटकाशीच राहते. रंग ठरवताना जात, ओळख, पैसा पाहिला जात नाही. फक्त प्रकृती पाहिली जाते. मोठ्याने ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेले लेकरू अधिक गंभीर असू शकते, हे आपणही समजून घ्यावे आणि त्याला पुढे जाऊ द्यावे.

मग आपण काय करावे? विहार समितीने वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विनंती करावी की वर्षातून एकदा तरी तालीम घ्यावी. रुग्ण बनायला आमची मुले-मुली येतील. रुग्ण कल्याण समितीतही हा विषय मांडावा. विहारात ओआरएसची पाकिटे ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. मीठ जास्त होऊ देऊ नये.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले होते. रुग्णसेवा हा आपला धम्मच आहे. तिची तयारी मात्र संकटाआधी करावी लागते.

जय भीम!