उत्तरे किती, आणि केव्हा?

माहितीच्या साठ्याला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी आणि तिची उत्तरे शोधून देणारी संगणकप्रणाली म्हणजे क्वेरी इंजिन. इंजिनाची परीक्षा घेताना बहुधा तीन गोष्टी पाहतात: पहिले उत्तर केव्हा आले, शेवटचे केव्हा आले आणि एकूण किती आली. पण क्रॉस-कंट्रीत दोन हाउसचे पहिले आणि शेवटचे धावपटू एकाच वेळी पोहोचले, म्हणून दोन्ही संघ सारखे ठरत नाहीत. मधले धावपटू केव्हा आले, तेही पाहावे लागते.

समजा, तीन इंजिनांनी एकाच प्रश्नाची १० बरोबर उत्तरे १० सेकंदांत दिली. 'अ'ने दर सेकंदाला एक दिले. 'ब'ने पहिल्या सेकंदाला एक आणि उरलेली नऊ दहाव्या सेकंदाला दिली. 'क'ने पहिल्या सेकंदाला पाच, दहाव्या सेकंदाला पाच दिली. वरचे तिन्ही आकडे तिघांचेही सारखेच!

फरक आलेखात दिसतो. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तोवर मिळालेली उत्तरे घ्या. पायऱ्यांसारखा आलेख तयार होईल. त्याखालचे क्षेत्रफळ जितके जास्त, तितकी उत्तरे लवकर हाती आली. १० सेकंदांपर्यंत 'अ'चे क्षेत्रफळ ४५, 'ब'चे ९ आणि 'क'चे ४५ येते. ५ सेकंदांपर्यंतच मोजले, तर 'अ' १०, 'ब' ४ आणि 'क' २०. म्हणजे 'अ' आणि 'क' शेवटी बरोबरीत असले, तरी अर्ध्या वेळेला 'क' पुढे आहे.

मारिबेल अकोस्टा, मारिया-एस्टर विडाल आणि यॉर्क झुरे-फेटर या संशोधकांनी २०१७ मध्ये क्षेत्रफळावर आधारित अशी मापे मांडली. त्यांना 'डाइफिशिअन्सी' म्हणतात.

याचा उपयोग काय? पुराच्या वेळी जवळच्या रुग्णालयांत रिकाम्या खाटा कुठे आहेत, असा प्रश्न विचारला आहे असे समजा. 'क'ची पाच उत्तरे मिळताच रुग्णवाहिका निघू शकतात. 'ब'कडे तेव्हा एकच पत्ता असतो. मात्र किती सेकंदांपर्यंत मोजायचे, हे कामाची निकड पाहून आधीच ठरवावे. वेळ बदलली की क्रमांकही बदलू शकतो.

स्वतः करून पाहा: 'ड'ने दुसऱ्या सेकंदाला ६ आणि दहाव्या सेकंदाला ४ उत्तरे दिली. ५ आणि १० सेकंदांना 'क' पुढे की 'ड'?

(उत्तर: ५ सेकंदांना 'ड' १८, म्हणून 'क' पुढे, १० सेकंदांना 'ड' ४८, म्हणून 'ड' पुढे.)