ठेंगणी मोटार आणि चुकणारा काटा



नव्या मुंबईत वाशीहून बेलापूरकडे जाणारा पामबीच रस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. या रस्त्यावर कधीकधी एखादी अशी जपानी बनावटीची मोटार दिसते, की तिचे पोट जवळजवळ जमिनीला टेकलेले, चाके मात्र मोठी आणि चकचकीत! १९८३ मध्ये सुझुकीच्या सहकार्याने मारुती ८०० आली, १९९८ मध्ये होंडा सिटी आली आणि अशा गाड्या घरोघरी पोचल्या. पुढे जुन्या झालेल्या गाड्या विकत घेऊन त्यांना हौसेने नवे रूप देणारे तरुणही निघाले. ही हौस पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरते, ते आज पाहू.

समजा, नेरूळच्या एका तरुणाने अशी जुनी गाडी घेतली. गाडी ठेंगणी केली, की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलंडते. हे खरेच आहे. काडेपेटी उभी ठेवून ढकला, मग आडवी ठेवून ढकला, फरक कळेल. पण गाडी ठेंगणी करायची कशी? स्वस्तातला उपाय म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापणे. येथेच घोटाळा होतो.

सोयीसाठी असे धरू, की एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि तेथील स्प्रिंगला ८ वेढे आहेत. प्रत्येक वेढ्यावर पूर्ण भार येतो आणि प्रत्येक वेढा २ सें.मी. दबतो, म्हणजे स्प्रिंग एकूण १६ सें.मी. दबते. आता २ वेढे कापले. उरलेले ६ वेढे पूर्वीइतकेच, प्रत्येकी २ सें.मी. दबतील, एकूण १२ सें.मी. भार तोच, दबणे कमी. याचा अर्थ स्प्रिंग आखूड झाली तशी ताठही झाली! पूर्वी ही गाडी मिनिटाला सुमारे ७५ वेळा वरखाली हेलकावली असती, आता सुमारे ८६ वेळा हेलकावेल. हे हेलकावे शमवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. पण तो जुन्या स्प्रिंगच्या मापाने बनवलेला असतो. नव्या ताठ स्प्रिंगला तो पुरा पडत नाही आणि खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते. ज्या क्षणी चाक रस्ता सोडते, त्या क्षणी त्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी असतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत हे किती धोक्याचे आहे, ते सांगायला नकोच.

आता गतिरोधक. गाडीचे पोट जमिनीपासून १६ सें.मी. उंच होते, ते ११ वर आले. चार माणसे बसली, की आणखी सुमारे ३ सें.मी. खाली. उरले ८! इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सें.मी. उंच असतो. मग गाडी घासेलच का? थांबा! तो ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा, असेही ती शिफारस सांगते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर असेल, तर गाडीचा मध्य माथ्यावर येतो तेव्हा चारही चाके गतिरोधकावरच असतात. चाकांपेक्षा माथा फक्त साडेचार सें.मी.च्या आसपास उंच असतो आणि पोट सहज सुटते. पण गल्लीत कोणी तेवढ्याच उंचीचा अरुंद उंचवटा घातला असेल, तर घासलेच म्हणून समजा.

मोठ्या चाकांचे काय? टायरवर १७५/६५ आर १४ असे लिहिलेले असते. म्हणजे रुंदी १७५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि आतील चाकाचा व्यास १४ इंच. या टायरचा पूर्ण व्यास भरतो ५८३ मि.मी. त्याऐवजी २०५/५५ आर १६ बसवला, तर तो होतो ६३२ मि.मी. व्यास वाढला, की परीघही वाढतो. एका फेऱ्यात गाडी पूर्वी १.८३ मीटर जाई, आता सुमारे १.९८ मीटर जाते. पण वेगमापक आणि अंतरमापक मोजतात फक्त फेरे! मूळ काटा अचूक होता असे धरले, तर तो ६० दाखवत असताना खरा वेग ६५ असेल. एक लाख किलोमीटर दाखवत असताना गाडी १ लाख ८ हजार पळालेली असेल. शिवाय त्रिज्या अडीच सें.मी. वाढल्याने ठेंगणेपणाचा निम्मा फायदा तेथेच गेला! १९५/५० आर १५ घेतला असता, तर व्यास ५७६ मि.मी. आला असता, म्हणजे फरक जेमतेम सव्वा टक्का.

पुढे गाडी विकायची वेळ येते. विक्रेत्याला परिवहन कार्यालयाला फॉर्म २९ भरून कळवावे लागते. नोंदणीपुस्तकातील वर्णनाशी गाडी जुळते का, हाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाहीत; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. चाके काढून जुनी बसवता येतात. तो बदल परिवर्तनीय आहे. कापलेली स्प्रिंग मात्र जोडता येत नाही. आणि अंतरमापकावरचा आकडा? जुनी चाके बसवली, तरी न मोजलेले आठ हजार किलोमीटर परत येत नाहीत. ते विकत घेणाऱ्याला सांगायचे की नाही, याचे उत्तर गणितात नाही. ते सांगणाऱ्याच्या सचोटीत आहे.

करून पहा : प्रयोगशाळेतील लांब स्प्रिंगला वजन टांगा आणि एका मिनिटातील हेलकावे मोजा. मग स्प्रिंग मधोमध धरून तेच वजन पुन्हा हलवा. हेलकावे दुप्पट होतात, की त्याहून कमी? का?