सूज आणि बाळसे

‘सूज म्हणजे बाळसे नव्हे’ असे आपल्या मराठीत एक मार्मिक वचन आहे. भरलेले अंग दिसले की आपण कौतुकाने म्हणतो, ‘कसे छान बाळसे धरले आहे!’ परंतु भरलेले प्रत्येक अंग निरोगी असतेच असे नाही. या वचनाचा अर्थ मी अनेक वर्षे वर्गात सांगितला; तो मला पुरता उमगला मात्र सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही एका कुत्र्याच्या पिलामुळे!

डोंबिवलीस आम्ही राहतो त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्या घरातील सहावीत शिकणाऱ्या मुलासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास ठाण्याहून लॅब्रॅडॉर जातीचे दोन महिन्यांचे पिलू आणले. त्याचे नाव मोती. मोती लवकरच साऱ्या घराचा लाडका झाला. सकाळी मुलाच्या बशीतील बिस्किट, दुपारी आजींच्या हातची तुपाची पोळी, संध्याकाळी शेजाऱ्यांकडचा खाऊ, असा त्याचा थाट होता. त्याने करुण डोळ्यांनी पाहिले की आजी म्हणत, “अरे, मुक्या जिवाला उपाशी ठेवायचे का?” आणि आणखी एक घास त्याच्यापुढे येई.

भाद्रपदात घरोघरी गणपती बसले, तेव्हा मोती सात महिन्यांचा झाला होता. दर्शनाला येणारा प्रत्येक जण म्हणे, “काय गुटगुटीत आहे हो!” त्या मुलाच्या मनात मात्र शंका होती. एक मजला चढताना मोती धापा टाकी, आणि फिरावयास नेले तर अर्ध्या वाटेवर बसकण मारी.

एके दिवशी तो मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. वडिलांनी मोतीला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे व दोन्ही आकड्यांची वजाबाकी करावी, अशी युक्ती त्याने योजली होती. उत्तर ३१ किलो आले होते. “आजोबा, लॅब्रॅडॉर नराचे वजन २९ ते ३६ किलो असावे असे मी वाचले आहे. म्हणजे मोती ठीकच आहे ना?” त्याने विचारले.

माझा विषय मराठी. या प्रश्नाचे उत्तर मला कोठून येणार? म्हणून आम्ही मोतीला रिक्षात घालून कल्याणच्या एका पशुवैद्यांकडे नेले. १८८६ साली परळ येथे स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. वहीतील आकडे पाहून त्यांनी मुलाची पाठ थोपटली व ते म्हणाले, “वजाबाकी बरोबर आहे, पण तू वाचलेला आकडा पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा आहे. मोती अजून बालक आहे. शिवाय एकाच वयाच्या दोन पिलांची हाडापेराची ठेवणही सारखी नसते. काटा वजन सांगतो; ते हाडामांसाचे किती आणि चरबीचे किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी हात आणि डोळे वापरावे लागतात.”

मग त्यांनी एक सोपी कसोटी शिकवली. मुलांनो, ती तुम्हीही आता करून पाहा. डावा हात पालथा व सरळ धरा आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून उजव्या हाताची बोटे हलकेच फिरवा. वर पातळसे मांस आणि खाली हाडे, असे जाणवते ना? निरोगी कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशाच लागतात. आता मूठ वळा व पुन्हा त्याच हाडांवरून बोटे फिरवा. बरगड्या अशा टोचू लागल्या, तर कुत्रा रोडावला आहे असे समजावे. शेवटी हात उताणा करून बोटांच्या मुळाशी तळहाताचा मांसल भाग चाचपा. बरगड्या अशा दडून गेल्या असतील, तर चरबी वाढली आहे.

हाताचे काम झाले की डोळ्यांचे काम सुरू होते. कुत्रा उभा असताना त्याला वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. मग बाजूने पाहावे; पोटाची रेषा छातीपासून मागील पायांकडे वर चढत गेलेली असावी. लॅब्रॅडॉरचे केस दाट असल्यामुळे डोळे फसतात, म्हणून हाताची साक्ष आधी घ्यावी.

आम्ही मोतीच्या अंगावरून हात फिरवला. बरगड्या लागेनात, कंबर दिसेना. मुलाचे डोळे पाणावले. “मी त्याचे वाईट केले का?” त्याने विचारले.

“प्रेम करणे वाईट नाही,” डॉक्टर म्हणाले, “ते मोजून करावयास हवे, इतकेच.” पिलाची हाडे व सांधे वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ घडत असतात. त्या कोवळ्या सांध्यांवर जादा भार पडला, तर खुब्याचे व कोपराचे विकार बळावतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. आपल्या ठाणे-कल्याणच्या दमट उकाड्यात लठ्ठ कुत्र्याचे म्हणूनच फार हाल होतात.

डॉक्टरांनी एका प्रयोगाची हकीकतही सांगितली. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या केल्या होत्या. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न जन्मभर दिले. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक खाणाऱ्या गटातील निम्मी कुत्री सुमारे ११ वर्षांची होईतो मरण पावली होती; मोजके खाणाऱ्या गटातील निम्मी १३ वर्षांपर्यंत पोहोचली. त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

“पण तो तर सारखा भुकेलाच दिसतो!” मुलगा म्हणाला. त्याचेही कारण आहे. या कुत्र्यांचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या थंड पाण्यात मच्छीमारांना साहाय्य करीत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली असे आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांमध्ये एक आनुवंशिक दोष असतो व त्यामुळे त्यांना अन्नाची ओढ अधिक असते. तेव्हा लॅब्रॅडॉरचे डोळे भूक सांगतात, गरज सांगत नाहीत.

डॉक्टरांनी आहार ठरवून दिला. वाढत्या पिलाची उपासमार करावयाची नाही. पण दिवसाचे अन्न सकाळीच मोजून ठेवावयाचे व वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक द्यावयाचा नाही. बेदाणे, कांदा व चॉकलेट तर कुत्र्याला विषासमान! प्रसादाच्या खिरापतीत बेदाणे असतात, हे ऐकून आजी दचकल्याच. त्या दिवसापासून त्यांच्या हातात बिस्किटाऐवजी काकडीची फोड दिसू लागली. लाड थांबले नाहीत. लाडाचे रूप पालटले. ऊन टाळून पहाटे व सूर्यास्तानंतर फिरणे सुरू झाले.

दिवाळीत तो मुलगा खिन्न मुद्रेने वही घेऊन आला. “आजोबा, वजन अजून ३१ किलोच आहे. सारे व्यर्थ गेले!” मी त्याला म्हटले, “काट्याला विचारलेस. आता हाताला विचार.” त्याने मोतीच्या कुशीवरून बोटे फिरवली आणि त्याचा चेहरा उजळला. बरगड्या लागत होत्या! मोती उंच झाला होता, त्याची कंबर दिसू लागली होती. आकडा तोच होता. कुत्रा मात्र तो नव्हता.

त्याच वेळी जिन्यातून जाणारे एक शेजारी म्हणाले, “अरेरे, किती वाळला हा!” मुलाने हसून आपला हात पालथा धरला व म्हटले, “काका, जरा इथे बोट फिरवून पाहा.”

स्वाध्याय

१. काट्यावरील आकडा बरोबर असूनही मुलाचा निष्कर्ष का चुकला?
२. ‘लॅब्रॅडॉरचे डोळे भूक सांगतात, गरज सांगत नाहीत’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. दिवाळीत वजन तेवढेच असूनही मोती सुधारला, हे कसे?
४. ‘सूज म्हणजे बाळसे नव्हे’ हे वचन लागू पडेल असा एक प्रसंग स्वतःच्या अनुभवातून लिहा.